अर्ध्या तासाचं पाणी

मस्कतकडच्या बरक्याहून नखलला जाणारा रस्ता चढाचा आहे, हे मोटारीत बसून कळत नाही. सायकलवर पहिल्या पाच किलोमीटरांतच मांड्या सांगतात. समोर डोंगर दिसत असतो, तपकिरी, झाडाचं पान नसलेला, आणि दोन तास पायडल मारलं तरी तेवढाच लांब राहतो. मागे समुद्र. मध्ये खडी, बाभळी आणि कुणाचीतरी उंटीण.

त्या वेळी मी सव्वीस वर्षांचा होतो. बरक्याला समुद्राच्या काठी एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो. पहाटे मच्छीवाल्यांचे पिकअप लागायचे. बर्फाच्या लाद्या फोडून त्यांत भरायच्या. शुक्रवारी सातला काम संपलं की संध्याकाळच्या लाद्या निघेपर्यंत सुट्टी. सुरुवातीची दीड वर्षं ती सुट्टी मी झोपून काढली. कारखान्यापलीकडच्या दुकानांतल्या चौथ्या गाळ्यातला शिंपी, श्रीवर्धनकडचा, माझ्याच खोलीत राहायचा. वयाने वडिलांएवढा, म्हणून मी त्याला चाचा म्हणायचो. तो म्हणायचा, झोप मेल्या, झोपेला कोण वर्गणी मागत नाही.

सायकल आली ती बहिणीच्या पत्रामुळे.

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी सातवीत शाळा सोडली. वडिलांची कंबर गेली आणि आगराचं शिंपणं माझ्यावर आलं. आगर आमचं नव्हतं, मालकाचं होतं; पण दिवाळी ते मिरग रोज पाणी आम्हीच द्यायचं. रहाटाला रेडा, रहाटाखाली डोण, डोणीतून पाट, पाटातून एकेका माडाच्या आळ्यात पाणी. शिंपण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच होती, त्यामुळे वाद घालायला फार काही नव्हतं. मी वाईट वाटून घेतलं नाही असं म्हणणार नाही. पण मस्कतचा व्हिसा आला तेव्हा मनाशी एकच ठरवलं, घरातलं एक माणूस तरी बारावीच्या पलीकडे जाईल. ते पत्र आलं तेव्हा बहीण तालुक्याला अकरावीत होती. माझा पगार थांबला की तिची शाळा थांबणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

तर तिने लिहिलं, "दादा, तुझी सगळी पत्रं मी एकावर एक ठेवली. सगळ्यांत एकच मजकूर आहे. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल. तिकडे काही दिसतं की नाही?"

मला लाज वाटली. खरंच मला बर्फ सोडून काही दिसत नव्हतं. मग एक बंगाली गडी देशी परत निघाला होता, त्याची जड चिनी सायकल मी घेतली. पुढे तारेची टोपली, मागे कॅरियर. पण सायकल घेण्याआधी अर्बाबला विचारणं भाग होतं. अर्बाब म्हणजे मालक, ज्याच्या नावावर आपला व्हिसा. बताका म्हणजे लेबर कार्ड, त्यावरही त्याचंच नाव. आमचा अर्बाब कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते आमच्यासाठी अरबी-हिंदीची मोडतोड करून. म्हणाला, "सैकल मुश्किला माफी. शिकायत आया, शुर्ता आया, तुम खलास. इंडिया." सायकलला हरकत नाही, पण तक्रार आली, पोलीस आला, तर तू घरी. हे तो रागाने बोलला नव्हता, हवा सांगावी तसं बोलला. म्हणूनच मला ते पाठ झालं.

चाचाने पहिल्याच दिवशी टोमणा मारला. गावाला पायाखाली लाल माती होती तेव्हा सायकल सुचली नाही, आणि इथं उन्हात हौस. परत आलो की मात्र चहा ठेवून विचारायचा, आज काय बघून आलास?

पहिल्या शुक्रवारी कारखान्यापासून फर्लांगभर अंतरावरचा किल्ला बघितला. दीड वर्ष त्याच्या सावलीतून जात होतो. दारावरच्या म्हाताऱ्याने सांगितलं, फार पूर्वी इराणी लोक हा किनारा दाबून बसले होते; इथल्या सरदाराने त्यांना या किल्ल्यात जेवायला बोलावलं आणि जेवणावरून उठू दिलं नाही. तो हे सांगताना मला खजूर देत होता. मी घेतला, पण जरा बेताने.

नंतर किनाऱ्याने सुवैकच्या दिशेने गेलो. त्या वाटेवर मैलभर तारली मासळी वाळत घातलेली असते, चांदीचा रस्ता केल्यासारखी. आमच्याकडे ती माणसं खातात, खत म्हणून माडालाही घालतात. इथे गुरांना, उंटांना चारतात. वास मात्र तंतोतंत घरचा. खजुरीच्या झावळ्यांच्या दांड्या बांधून केलेली होडी पाहिली. तिच्यात पाणी शिरतं आणि तरी ती बुडत नाही. परतताना बैलांची झोंबी पाहिली. दोन बैल डोक्याला डोकं लावून ढकलतात, एक मागे सरला की दोऱ्या ओढून सोडवतात, रक्त नाही, काही नाही. एका चहाच्या टपरीवर लोखंडी तव्यावर पीठ हाताने सारवून कागदासारखी भाकरी करत होते. घावनाची सख्खी बहीण, फक्त कोरडी. त्यात अंडं आणि मध. आणि फिरंगी! आमच्या किनाऱ्यावरच्या गोष्टींतले फिरंगी इथल्याही गोष्टींत होते. दोन किनाऱ्यांना एकाच चोराने लुटलं होतं. हे मी बहिणीला लिहिलं तेव्हा तिचं उत्तर लवकर आलं आणि नेहमीपेक्षा लांब होतं. तिने हे वर्गात वाचून दाखवलं होतं. पुढच्या पत्रात शेती लिही म्हणाली, तिथे पाऊस नाही तर लोक पिकवतात कसं.

म्हणून मी नखलच्या रस्त्याला लागलो.

नखलच्या खाली चारपाच किलोमीटरवर एक लहान गाव आहे. डोंगराच्या पोटातून झऱ्याचं पाणी येतं आणि पाटाने खाली उतरतं. त्या पाटाला तिकडे फलज म्हणतात. दहा वाजले असतील. मी सायकल टेकवली आणि आत शिरलो. वर खजुरी, खाली लिंबं आणि आंबे, त्यांच्या खाली लसूणघास. बाहेर खडी तापलेली आणि आत गारवा. एवढ्या दिवसांनी पाटाच्या पाण्याचा आवाज कानावर पडला. हात घातला तर पाणी कोमट होतं, तेवढाच काय तो फरक. मी तोंड धुतलं, टोपलीतली भाकरी आणि कांदा काढला आणि बांधावर बसलो. त्या जागेचं मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. आपल्याला कुणीतरी बोलावलं होतं आणि आपण उशिरा पोचलो, असं काहीतरी.

समोरच्या वाफ्यात पाणी सोडलेलं होतं. लसूणघासाचा वाफा काठोकाठ भरला होता, आणि माझ्या देखत भरून बांधावरून पायवाटेवर वाहायला लागला. आजूबाजूला माणूस नाही. पाटाच्या पलीकडे, दुसऱ्या बाजूला, लिंबाची सात-आठ झाडं. त्यांच्या आळ्यांतल्या मातीला भेगा पडलेल्या. मी जरा वेळ बघितलं. ओरडून बघितलं, "या अखी!" म्हणजे अरे भावा. कुणी आलं नाही. पाणी वाटेवरून खडीत चाललं होतं.

आगरात वाढलेल्या माणसाला वाहून जाणारं पाणी बसून बघता येत नाही. वडील कमरेतून मोडले होते तरी असं पाणी दिसलं की खाटेवरून ओरडायचे. मी चपला काढल्या. वाफ्याच्या तोंडावरचा सपाट दगड बसवला, फटीत फडकं कोंबलं, बाजूची ओली माती लिंपली. आमच्याकडे दगडाऐवजी पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद देठ, आणि माती, बाकी काम तेच. मग समोरचं तोंड मोकळं केलं. पाणी लिंबांकडे वळलं. पहिलं आळं भरलं, दुसऱ्यात गेलं. भेगांतून बुडबुडे आले. मी परत बांधावर बसून उरलेली भाकरी खाल्ली, आणि ती भाकरी मला फार गोड लागली, हे कबूल करतो.

तिसरं आळं भरत असताना वाफ्याचा मालक आला. सत्तरीचा असेल, गुडघे आखडलेला, हातात काठी. त्याने आधी वाफा बघितला, मग बंद तोंड, मग लिंबं, मग माझे मातीचे पाय. या क्रमाने. आणि बंबईच्या हिंदीत म्हणाला, "तेरे बाप का पानी है?"

मी काय केलं होतं ते मला तिथे गोळा झालेल्या माणसांकडून कळलं. दोघातिघांना तुटकी हिंदी येत होती. फलजचं पाणी गावाचं असतं, पण वेळ ज्याची त्याची असते. या घराला अमुक दिवशी इतके अर्धे तास, त्या घराला तमुक दिवशी तितके. बापाकडून पोराला जमीन जाते तशी ही वेळ जाते. विकली जाते, लिलावात घेतली जाते. जमिनीवाचून माणूस राहील, वेळेवाचून नाही. म्हाताऱ्याच्या पाळीचं पाणी चालू होतं. गुडघे दुखतात म्हणून तो घरी तेल लावायला गेला होता. वाफा भरून वाहिला तर वाहिला, वाहणारं पाणीही त्याचंच. मी त्याची वेळ उचलून दुसऱ्याला दिली होती. आणि दुसरा म्हणजे कोण, तर त्याचा मेहुणा. त्याच्याशी तो बायको वारल्यापासून अकरा वर्षं बोलत नव्हता.

मग फलजचा अरीफ आला. अरीफ म्हणजे पाण्याच्या वेळा राखणारा. मशिदीमागे सपाट जागेत एक खांब रोवलेला होता आणि जमिनीत ओळीने दगड. खांबाची सावली एका दगडावरून पुढच्या दगडावर गेली की अर्धा तास झाला. त्याने सावली बघून सांगितलं, एक दगड गेला. त्याने माझा बताका मागितला. मी दिला. त्यावरचं अर्बाबचं नाव त्याने मोठ्याने वाचलं आणि तीन-चार जणांनी माना हलवल्या. नाव ओळखीचं निघालं होतं.

  बहिणीचा बारावीचा फॉर्म पुढच्या महिन्यात भरायचा होता, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. एक जण म्हणाला शुर्त्याला कळवू. म्हातारा काठी टेकत पुढे आला. त्याने परत बापाचंच काढलं, पण या वेळी खरंच विचारल्यासारखं. "बाप क्या करता था?"

मी सांगितलं. हिंदी अपुरी पडली तिथे हातांनी दाखवलं. रहाट कसा फिरतो, रेडा कसा चालतो, मडकी कशी भरतात, डोण, पाट, आळं. म्हटलं, आमच्या आगरात विहीर एकाची असते, तिचं पाणी त्याच्याच झाडांना. वाया जाताना दिसलं तर ज्याला दिसेल त्याने वळवायचं, नाहीतर शिव्या खायच्या. पाण्याला वेळेचा मालक असतो हे मला ठाऊक नव्हतं. सातवीपर्यंतच शिकलोय, हेही मी सांगून टाकलं. त्याचा इथे काही संबंध नव्हता, पण घाबरलं की मी ते सांगतो.

म्हातारा तरुणपणी गलबतावर होता. खजूर आणि सुकी लिंबं घेऊन जायचं आणि तांदूळ, सागवान, कौलं घेऊन यायचं. रत्नागिरीचं बंदर त्याला माहीत होतं. तिथला पाऊस त्याला जास्त लक्षात होता. इतरांना तो अरबीत काहीतरी म्हणाला आणि शुर्त्याचा विषय मागे पडला. पण सुटलो असं नव्हतं. अरीफने निवाडा दिला. गेलेलं पाणी परत येत नाही. वेळ मात्र परत येते. मेहुण्याची पाळी उद्या, शनिवारी सकाळी होती. तिच्यातला अर्धा तास म्हाताऱ्याला द्यायचा.

मेहुणा तोपर्यंत आपल्या लिंबांपाशी येऊन उभा होता. तो कबूल झाला, पण म्हाताऱ्याच्या वाफ्याचं तोंड आपल्या हाताने उघडणार नाही म्हणाला. म्हातारा म्हणाला, त्याच्या पाण्याला मी हात लावणार नाही. दोघंही हे अरीफला सांगत होते, आणि दोघांमध्ये तीन हातांचं अंतर होतं. अरीफ वैतागला. शेवटी तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

शनिवारी मला बर्फाच्या कामावर जायचं होतं. बताका अरीफने खिशात घातला. उद्या पाणी दे आणि घेऊन जा.

उताराचा रस्ता, पण मी ब्रेकवर बोटं ठेवूनच खाली आलो. खिशात बताका नाही आणि वाटेत चौकी. एकाही पोलिसाने माझ्याकडे बघितलं नाही. मीच प्रत्येकाकडे बघत आलो. खोलीवर चाचाने चहा ठेवला आणि मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, याचीच मला भीती वाटली. तो म्हणाला, "बाहेरून कळायच्या आत तू सांग. कपडा कापताना चुकलं तर गिऱ्हाइकाला आपण सांगायचं. त्याने घालून बघितल्यावर नाय."

अर्बाब असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर कारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. मी समोर उभा राहून सांगितलं. कुठे गेलो, काय केलं, बताका कुणाकडे आहे. मध्ये त्याने कहवा, त्यांची कडू कॉफी, ओतला, स्वतः प्यायला, माझ्याकडे प्याला केला. मी तो हातात धरूनच बोलत राहिलो. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं. मी सांगायला आलो ते आपल्या मनाने, की ते लोक सांगतील म्हणून?

मी म्हटलं, "दोन्ही, अर्बाब."

 मग त्याने बोट करून कारखान्यामागची पडीक जागा दाखवली. वाळक्या खजुरीचे बुंधे होते तिथे, मी रोज बघायचो. म्हणाला, ती त्याच्या बापाची बाग. पंप आले, सगळ्यांनी विहिरींतून पाणी उपसलं, आणि समुद्र आत शिरला. पाणी खारं झालं. कुणाचं पाणी किती, हे किनाऱ्यावर कुणी धरलं नाही. वरच्या लोकांनी धरलं, म्हणून त्यांची बाग आहे. हे सगळं त्याने मोडक्या हिंदीतच सांगितलं, पण मला शब्दन्‌शब्द कळला. मग उठला आणि म्हणाला, "कल जाओ. असर से पहले वापस. बर्फ है."

माझी तक्रार झाली होती की नव्हती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्याने ती मोजली नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार फिटायच्या आत निघालो. चढ तोच होता. मी पोचलो तेव्हा दोघं म्हातारे पाटाच्या दोन काठांवर आपापल्या चटईवर बसले होते, एकमेकांकडे पाठ नाही पण तोंडही नाही. सावली दगडावर आली, अरीफने हात वर केला, मी लिंबांचं तोंड बंद केलं आणि वाफ्याचं उघडलं. मग करण्यासारखं काही नव्हतं. पाणी चाललं होतं. अर्धा तास किती मोठा असतो ते मला तिथे कळलं. लसूणघास सावकाश भिजत गेला, त्यातून किडे वर आले, ते टिपायला दोन साळुंक्या उतरल्या. वाफा भरत आला आणि बांधावरून पाणी वाटेवर वाहायला लागलं. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बहने दे." त्याचं पाणी, त्याची वेळ. मी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून बसलो.

सावली पुढच्या दगडावर गेली. मी तोंडं परत होती तशी केली आणि अरीफने बताका दिला. मी तो दोनदा वाचला, आपलंच नाव आहे ना म्हणून.

मेहुण्याच्या घरून थाळा आला. पातळ भाकऱ्या, सुकी मुशी मासळी चुरून लिंबू-कांद्यात कालवलेली, वाळवून काळी केलेली लिंबं घातलेलं सार. पाहुणा मी होतो. पण कुणाचा, यावर अरीफच्या मार्फत बोलाचाली झाली. पाणी माझं होतं, मेहुणा म्हणे. काम माझ्या वाफ्यात झालं, म्हातारा म्हणे. अरीफने थाळा उचलला, पाटावर आडव्या टाकलेल्या फळीवर ठेवला, आणि स्वतः आधी हात घातला. मग दोघंही आपापल्या काठावरून पुढे सरकले.

मुशी अगदी आमच्याकडच्यासारखी होती, फक्त नारळ नव्हता. मी तसं म्हणालोही.  शेवटी मेहुणा माझ्याकडे तोंड करून, मला कळेल अशा सोप्या अरबीत, समोरच्या दीड हातावरच्या माणसाबद्दल म्हणाला, त्याला सांग, आंबट सोसत नाही त्याला, सार जपून घे. ते मी हिंदीत म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्याने ते अरबीत ऐकलंच होतं. तो म्हणाला, "उस को बोल, मालूम है." आणि वाटी तोंडाला लावली.

परतीला उतारावर मी पायडल मारलं नाही. असरच्या आधी पोचलो. संध्याकाळच्या लाद्या फोडल्या. रविवारी बहिणीला पत्र लिहायला बसलो आणि पहिल्यांदाच खुशाल आहे लिहायचं विसरलो. चुकीसकट सगळं लिहिलं. तिचा फॉर्म वेळेवर भरला गेला.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या गावी जात राहिलो, आधी सायकलवर, मग पिकअपने. दोघं म्हातारे एका वर्षाच्या अंतराने गेले. ते एकमेकांशी कधी थेट बोलले का, ते मला माहीत नाही. मी असलो की माझ्यामार्फत बोलायचे. मी नसताना कोण होतं, विचारलं नाही.

बहीण शिक्षिका झाली. दोन हजार पाचनंतर कधीतरी, मी मस्कतजवळ अल अमेरातला खोली घेऊन राहत होतो तेव्हा, ती दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे आली. तिला नखलला नेलं. पाट आता सिमेंटचा आहे, वाफ्यांच्या तोंडाशी दगडांच्या जागी लोखंडी पत्रे आहेत, आणि वेळ मनगटावरच्या घड्याळाने बघतात. खांब मात्र आहे. तिने तो खांब बघितला, पत्रातलं सगळं तिला पाठ होतं, दगड मोजून बघितले. मग आम्ही बागेतून चालत निघालो. एका वाफ्यातून पाणी वाटेवर वाहत होतं. ती बोलता बोलता वाकली आणि तिचा हात पत्र्याकडे गेला.

मी तिचं मनगट धरलं.